हवालदारांनी तीनदा नाही म्हटलं

सगळी दुनिया गाडीचं काम झाल्यावर हात धुते. आमचे हवालदार आधी धुवायचे. गॅरेजमागच्या नळावर साबणाची वडी घेऊन बसायचे, कोपरापर्यंत हात घासायचे, फडक्यानं एकेक बोट कोरडं करायचे आणि मगच ग्रीसच्या डब्याचं झाकण उघडायचे. मी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, "ताई, ग्रीसमध्ये वाळूचा एक कण गेला तरी तो लोखंड खातो. तो माझ्या हातानं कशाला जावा?" ड्रायव्हर मंडळी त्यांच्या या हात धुण्याला हसायची. आता वयाच्या या टप्प्यावर माणसाचा राग निवायला हवा म्हणतात, पण मला त्या हसण्याचा राग अजून येतो.

नवं मध्य प्रदेश राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी इंदुरात एका सरकारी खात्यात टायपिस्ट होते, तीही तात्पुरती. खात्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी म्हणेल, अमक्या साहेबांची बदनामी केली, आणि मला ती वादावादी नको आहे. माझं टेबल खिडकीपाशी होतं आणि खिडकीतून गॅरेजचं पटांगण दिसायचं. टाइप करता करता मान वर केली की हवालदार दिसायचे, म्हणजे बहुतेक वेळा गाडीखालून बाहेर आलेले त्यांचे पाय दिसायचे.

ते महूचे. रोज सकाळच्या रेल्वेनं यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. आजोबा पलटणीत, वडील पलटणीत आणि ते स्वतः पलटणीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून हवालदारीपर्यंत चढलेले. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे मिस्त्री म्हणून लागले. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण साहेबांपासून चपराशापर्यंत सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे. खाकी अर्धी पँट, इस्त्रीचा सदरा, आणि वर एक तेलकट कोट, जो ते गाडीखाली जाताना घालायचे व बाहेर आल्यावर काढून खिळ्याला अडकवायचे. इंदुरात माणूस बोलायला लागला की चार वाक्यांत तीन हिंदी येतात. माझंही तसंच आहे. हवालदार मात्र माझ्याशी शुद्ध मराठी बोलायचे आणि ड्रायव्हरांशी शुद्ध फौजी हिंदी, दोन्हींची सरमिसळ नाही.

आमच्याकडे दोन पिकअप होत्या. महूच्या छावणीनं मोडीत काढलेल्या, लिलावातून आलेल्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या. पुढे दोघं-तिघं बसायची जागा आणि मागे सामानाचा उघडा हौदा. सांवेरकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी रुतायची तिथे या पिकअप जायच्या. त्या नीट राहिल्या याचं सगळं श्रेय हवालदारांचं, आणि हवालदारांचा सगळा जीव एका क्षुल्लक वस्तूत अडकलेला. एक्सलचा बूट.

मला तो त्यांनीच दाखवला. इंजिनाचा जोर एका लांब लोखंडी दांड्यातून गाडीच्या पोटाखालून एक्सलकडे जातो. खड्ड्यात गाडी वर-खाली होते तेव्हा तो दांडा थोडा लांब, थोडा आखूड व्हावा लागतो, म्हणून त्यात एक सरकता सांधा असतो. सांध्यात ग्रीस असतं आणि ग्रीसमध्ये माती जाऊ नये म्हणून वरून चुण्याचुण्यांचं रबरी कवच असतं, पेटीच्या भात्यासारखं. त्याला गॅरेजमध्ये बूट म्हणायचे. अमुक भाग एक्सलचा आणि तमुक दांड्याचा असा भेद करायला तिथे कोणाला वेळ नव्हता. हवालदार रोज सकाळी दोन्ही गाड्यांखाली उताणे झोपायचे, त्या बुटाची एकेक चुणी दोन्ही अंगठ्यांनी फाकवून बघायचे आणि पुसून काढायचे. "ग्रीस बाहेर दिसलं की समजायचं, माती आत गेली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

फौजेतून त्यांनी एक रीत आणली होती. गाडी निघण्याआधी 'फर्स्ट परेड', म्हणजे ड्रायव्हरनं गाडीभोवती फिरून, वाकून, सगळं बघायचं. वाटेत जिथे थांबेल तिथे 'हॉल्ट परेड', पुन्हा तेच. आणि सकाळची तपासणी झाली की हवालदार मडगार्डवर खडूनं तारीख लिहून खाली लिहायचे, 'बूट देखा'. ते खडूचं लिहिणं नसेल तर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा त्यांचा नियम. खात्यानं केलेला नव्हे, त्यांचा स्वतःचा. बाबूलाल नावाचा आमचा मुख्य ड्रायव्हर होता, देवासकडचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "हवालदार साब, तुम्हारी परेड में हमारी चाय ठंडी हो जाती है भिया." हवालदार म्हणायचे, "ठंडी चाय से कोई मरता नहीं." आणि पुन्हा गाडीखाली शिरायचे.

त्यांच्या बोलण्यात अभिमानाची अशी एकच गोष्ट यायची. पलटणीत शिक्षा झाली की ती माणसाच्या कागदावर लाल शाईनं चढते. हवालदारांच्या कागदावर इतक्या वर्षांच्या नोकरीत एक लाल अक्षर नव्हतं. हे ते बढाई म्हणून सांगायचे नाहीत, आपलं महूत घर आहे हे जसं सांगावं तसं सांगायचे. डिस्चार्जचं पुस्तक त्यांनी एकदा डब्याच्या पिशवीतून काढून मला दाखवलं होतं. "वडिलांचंही असंच कोरं होतं," म्हणाले. एवढं एकच धन जपलेला माणूस होता हा, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यालाच हात घातला.

आमच्याकडे नवे साहेब आले, ते बाहेरचे. नवं राज्य झाल्यापासून कोण कुठून येत होतं त्याचा पत्ता नव्हता. हे तरुण होते, हुशार होते, टाय लावायचे, आणि कोणत्याही गोष्टीचा त्यांना लगेच कंटाळा यायचा. एकदा ते कुणा ठाकुराकडे जेवायला गेले आणि तिथे त्यांनी शिकारीची जीप पाहिली. कमानपाट्यांत जादा पाती घालून आणि खाली लोखंडी ठोकळे ठेवून ती चांगली वीतभर उंच केलेली. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हवालदारांना आत बोलावलं. मी पत्रं लिहून घ्यायला दाराजवळच्या खुर्चीवर वही घेऊन बसले होते, आणि आमचे हेडक्लार्क टेबलाच्या बाजूला उभे होते.

साहेब म्हणाले, "दोनों पिकअप ऊँची कर दो. बारिश से पहले."

"नहीं साब," हवालदार म्हणाले. "गाड़ी ऊपर जाएगी, शाफ्ट उतनी ही रहेगी. तिरछी चलेगी. बूट एक तरफ़ खिंचेगा, दूसरी तरफ़ घिसेगा. फट जाएगा."

"तो बूट बदल देना."

"नहीं साब. बदलने को बूट आता कहाँ है? और ऊँची गाड़ी करवट जल्दी लेती है. ड्राइवर के लिए ठीक नहीं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तुम मिस्त्री हो, इंजीनियर नहीं. जितना कहा उतना करो."

"ऐसे नहीं साब. लिखकर दीजिए."

साहेब हसले. म्हणाले, "फ़ौज में हर हुक्म लिखकर मिलता था क्या?" हवालदार ताठ उभे होते. ते म्हणाले, "नहीं साब. वहाँ हुक्म देने वाला बाद में मुकरता नहीं था." हेडक्लार्कांच्या कपाळाला आठी पडली. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ये सब मत लिखिए," आणि पुढच्या पत्राचा मजकूर सांगू लागले. मी लिहून घेतला.

इथे हवालदारांची जी चूक झाली ती फौजेतल्या माणसाचीच होऊ शकते. वरिष्ठानं तोंडानं सांगितलं, त्यानं तीनदा हरकत घेतली, हरकत मोडली गेली, आता हुकूम तो हुकूम. आमच्यातला कोणी असता तर त्यानं कागदाची वाट बघत महिना काढला असता, पाना हरवला म्हणाला असता, आजारी पडला असता. हवालदारांनी आठवड्याभरात दोन्ही गाड्या उंच करून उभ्या केल्या, आणि कामही असं चोख केलं की कुठे ठोकळा हलायची सोय नव्हती.

मग काय विचारता. साहेब खूश. गाडीत चढायला पायरी लागायची, पण साहेब त्या पायरीवरून असे चढायचे की हत्तीवर चढताहेत. बाबूलालनं राजवाड्यापर्यंत चक्कर मारून आणली. ऑफिसातले लोक बाहेर येऊन बघत होते, मीसुद्धा गेले, खोटं कशाला बोलू. आजही आमच्या कॉलनीतली पोरं नवीकोरी पिकअप घेतात आणि तिला वीतभर उंच करून, मोठाली चाकं लावून महूच्या रस्त्यानं धुरळा उडवत हिंडतात. त्या गाड्यांखालीही बूट असतात, आता म्हणे थेट चाकांपाशी असतात, आणि तेही तिरप्या कोनात ताणून फाटतात. परवा शेजारच्या मुलाला मी विचारलं, कधी खाली वाकून बघतोस का रे. तो म्हणाला, "आजी, ते सर्व्हिसवाले बघतात ना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्या पोराचा काय दोष.

जे बूट आधी वर्षभर टिकायचे ते आता पंधरा दिवसांत जायला लागले. अगदी हवालदारांनी सांगितलं होतं तसंच. चुण्या वरच्या बाजूनं ताणून पांढऱ्या पडायच्या, खालच्या बाजूनं एकमेकींवर घासून पातळ व्हायच्या आणि मग बूट आवळणाऱ्या पट्टीच्या काठाशी चिरायच्या. नव्या बुटांसाठी भोपाळला कागद गेला, तिथून दिल्लीला गेला, तिथून शंका विचारणारं पत्र आलं की नेहमीपेक्षा इतके जास्त बूट का लागताहेत. त्याचं उत्तर साहेबांनी लिहू दिलं नाही. तोवर हवालदारांनी महूहून फाटक्या तंबूचं कापड आणलं, दुहेरी करून जाड सुईनं स्वतः बूट शिवले, त्यांना मेण चोळलं आणि ते चढवले. ते चार दिवस टिकायचे. पाचव्या दिवशी हवालदार नवे शिवायचे. दुपारी डबा खाऊन झाला की पटांगणातल्या कडुनिंबाखाली बसून त्यांची शिवण चालायची.

एके दुपारी हेडक्लार्क पान खात तिथे उभे राहिले. हे गृहस्थ आमच्याच गल्लीतले. त्यांचे पूर्वज आणि माझे पूर्वज दरबारच्या एकाच कचेरीत होते, त्यामुळे घरी येणंजाणं. मीही कसलासा कागद घेऊन तिथे गेले होते. हेडक्लार्क म्हणाले, "अरे हवालदार, कापडाचे कशाला शिवून राहिले? चामड्याचे शिवा ना, मजबूत होतील. तुमच्या लोकांना तर येतंच असेल ते काम." हवालदारांच्या घरानं त्याआधी दोन-तीन वर्षं दीक्षा घेतली होती, घरातल्या देवांच्या तसबिरी उतरवून बुद्धाची लावली होती, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. हेडक्लार्कांनाही होतं, म्हणून तर ते बोलले.

हवालदारांनी सुई थांबवली नाही. "आमच्या घरात तीन पिढ्या पलटणीत आहेत, साहेब. सुई मी तंबूच्या कापडावर शिकलो. कातडं तुम्हाला हवं असेल तर तुम्ही आणा, कसं शिवायचं ते आपण दोघं कोणाला तरी विचारू." हेडक्लार्क हसल्यासारखं करून निघून गेले. आणि मी? मी मूग गिळून उभी होते. मला हेडक्लार्कांचा संताप आला होता, पण त्यांना तिथल्या तिथे एक शब्द सुनवायची माझी छाती झाली नाही. हवालदारांनी मान वर करून माझ्या हातातला कागद मागितला, सही केली, आणि नेहमीसारखं म्हणाले, "या ताई." मला वाटलं, एवढ्या एका प्रसंगापुरती मी गप्प बसले, पुढे बसणार नाही. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगतो.

भर पावसाळ्यात भोपाळहून एक मोठे पाहुणे आले. साहेबांना त्यांना सांवेरकडच्या गावांत नेऊन उंच गाडी चिखलातून कशी जाते ते दाखवायचं होतं. दुसरी पिकअप बाहेर गेली होती. उरलेल्या गाडीखाली हवालदार सकाळीच शिरले होते. कापडी बूट फाटून लोंबत होता आणि सांधा चिखलानं भरलेला. तो उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरायला अर्धा दिवस हवा होता. त्यांनी मडगार्डवर खडूनं लिहिलं, 'बूट फटा है. गाड़ी न ले जाएँ.' आणि सामान काढायला ते मागच्या कोठीत गेले. मी खिडकीतून पाहत होते. साहेब पाहुण्यांना घेऊन आले. बाबूलालनं त्यांना ते लिहिलेलं बोटानं दाखवलं. साहेब काहीतरी म्हणाले. बाबूलाल थोडा घुटमळला, मग त्यानं ओलं फडकं घेऊन मडगार्ड पुसलं. तिघं चढले आणि गाडी गेली. हवालदार हातात कापड घेऊन बाहेर आले तेव्हा पटांगण रिकामं होतं. ते तसेच फाटकापर्यंत धावत गेले. त्या वयाच्या माणसाला धावताना मी प्रथमच पाहिलं.

सांवेरच्या अलीकडे एका नाल्याच्या उतारावर सांधा तुटला. दांड्याचं पुढचं टोक सुटून जमिनीत घुसलं, गाडी त्यावर उचलली गेली आणि कुशीवर पडली. साहेबांना खरचटलं. पाहुण्यांचा हात मोडला. बाबूलालचा पाय गाडीखाली सापडला, तो गुडघ्याखाली कापावा लागला. तीन पोरांचा बाप, ज्याला गाडी चालवण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं.

पाहुणे मोठे म्हणून चौकशी बसली. एरवी बाबूलालच्या पायासाठी बसली असती असं मला वाटत नाही. चौकशीचे अधिकारी यायच्या आत साहेबांनी हवालदारांना सांगितलं, दुसरी पिकअप खाली उतरवा आणि मोडलेल्या गाडीचेही ठोकळे काढा. हवालदार म्हणाले, "नहीं साब. अब तो लिखकर देंगे तो भी नहीं." मग ते काम सांवेर रोडवरच्या एका खासगी वर्कशॉपात झालं. दोन दिवसांत दोन्ही गाड्या पूर्वी होत्या तितक्या उंचीवर आल्या, ठोकळे कुठे गेले कोणाला माहीत नाही, आणि कागदोपत्री आमच्या खात्यात गाडी कधी उंच झालीच नव्हती. उरला काय, तर हवालदारांनी फाटलेल्या बुटाची गाडी बाहेर जाऊ दिली एवढा एक दोष.

बाबूलालचा जबाब इस्पितळात घेतला. मला वाटलं होतं तो हवालदारांवर ढकलून मोकळा होईल, कारण नोकरी गेली तरी काहीतरी पदरात पडावं म्हणून साहेबांची मर्जी त्याला हवी होती. पण त्या फटकळ माणसानं खाटेवरून सरळ सांगितलं, "हवालदार ने लिखा था. साब बोले पोंछ दो, मैंने पोंछ दिया. पाँव भी मेरा गया, ग़लती भी मेरी." त्यावर चौकशीवाल्यांनी लिहिलं की ड्रायव्हर गुंगीच्या औषधाच्या अमलाखाली होता.

आता प्रश्न राहिला गाडी उंच करायच्या हुकमाचा. त्या सकाळी खोलीत चौघं होतो. साहेब म्हणणार, मी असं काही सांगितलं नाही. हेडक्लार्क साहेबांच्या बाजूचे. हवालदार आरोपी. राहिले मी. हवालदारांच्या कागदावर लाल अक्षर चढणार की नाही, हे माझ्या एका तोंडावर येऊन ठेपलं होतं आणि हे आम्हा सगळ्यांना स्वच्छ कळत होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी हेडक्लार्क माझ्या टेबलाशी आले. आवाज अगदी मायेचा. "बाई, तुमची कायम करायची फाइल माझ्या टेबलावर आली आहे. मतलब, एक सही राहिली फक्त. तुम्ही उद्या काही खोटं बोलू नका. कोण म्हणतं खोटं बोला? आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. ते काही खोटं नाही." घरात वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी भावंडं शाळेत, कमावणारी मी एकटी. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही सबब म्हणून चालणार नाही. बाबूलालच्या घरी काय कमी खाणारी तोंडं होती?

हवालदार मात्र माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. ना गयावया, ना आठवण. साक्षीदाराला आधी भेटायचं नाही, ही त्यांची फौजेतली शिस्त. उलट मी समोर येताना दिसले की ते वाट बदलायचे. एकदाच ओझरतं म्हणाले, तेही कोठीच्या कारकुनाला, मी ऐकलं. "माझी चूक एकच. तोंडी हुकमावर पाना उचलला."

चौकशीच्या टेबलासमोर मला बसवलं. हवालदार भिंतीशी सावधान उभे. मला विचारलं, साहेबांनी गाड्या उंच करायला सांगितल्याचं तुम्ही ऐकलं का? मी म्हटलं, "मला आठवत नाही." मिस्त्रीनं हरकत घेतली होती का? "आठवत नाही." अपघाताच्या सकाळी ड्रायव्हरला मडगार्ड पुसताना पाहिलं का? तुमची खिडकी तिकडेच आहे. "आठवत नाही." तीन प्रश्न, तीन उत्तरं, पाच मिनिटंही लागली नाहीत. उठताना माझी नजर हवालदारांवर गेली. ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते.

निकाल आला. मिस्त्रीचा हलगर्जीपणा आणि वरिष्ठांविषयी आकस. सर्व्हिसबुकात लाल शाईची नोंद झाली. ती मीच टाइप केलेल्या हुकमावरून हेडक्लार्कांनी आपल्या सुंदर अक्षरात उतरवली. साहेबांची पुढे भोपाळला बढतीवर बदली झाली. बाबूलालला देवासला त्याच्या भावानं नेलं.

नोंद झाली त्याच दिवशी दुपारी हवालदार माझ्या टेबलाशी आले. कोट काढलेला, हात स्वच्छ. म्हणाले, "ताई, राजीनामा टाइप करून हवा आहे." दुसऱ्या कोणाकडून करून घेता आला असता, पण ऑफिसात टायपिस्ट मी एकटीच होते. मी कागद चढवला. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, की मी आजपासून नोकरी सोडत आहे. मी ते टाइप केलं. मला वाटलं, निदान इथे तरी काहीतरी करावं. मी म्हटलं, "हवालदार, खाली एक ओळ घालू का? झालेली नोंद अन्यायाची आहे, हुकूम साहेबांनीच दिला होता, अशी?"

ते माझ्याकडे पाहून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "नको ताई. जे तुम्हाला आठवत नाही ते टाइप कशाला करता."

रागानं म्हणाले असते तर मी सहन केलं असतं. त्यांनी उभ्याउभ्या सही केली, कागद घडी न घालता हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवला, साहेबांच्या बंद दारासमोर थांबून सलाम केला आणि निघून गेले. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. त्याच खिडकीपाशी निवृत्त होईपर्यंत टाइप करत बसले. महूला जायचं मी कितीदा ठरवलं. स्टेशनपर्यंत दोनदा गेले. एकदाही गाडीत चढले नाही. ते वारले हे मला वर्षभरानं कळलं.

आता साहेब नाहीत, हेडक्लार्क नाहीत, ती फाइलही रद्दीत गेली असेल. मला कोणी काही विचारत नाही. तरी सांगते. साहेबांनी माझ्यासमोर हुकूम दिला. हवालदारांनी तीनदा नाही म्हटलं आणि लिहून मागितलं. बाबूलालनं मडगार्ड पुसलं ते मी या दोन डोळ्यांनी पाहिलं. चौकशीच्या टेबलासमोर बसले होते तेव्हाही हे सगळं मला शब्दन् शब्द आठवत होतं.